संकेतस्थळाला लागलेला चकवा
(मोठ्या गटासाठी पाठ. पालकांनीही सवडीने वाचावा.)



ज्यांचे आजी-आजोबा कोकणातले आहेत, त्यांनी ‘चकवा’ हा शब्द ऐकला असेल. रात्री रानातून निघालेला माणूस ओळखीच्या वाटेने चालत असतो, तासभर चालतो, आणि पाहतो तो पुन्हा त्याच वडाखाली येऊन उभा! मग लोक म्हणतात, “त्याला चकवा लागला.” आमच्या लहानपणी यावर उपाय सांगत तो असा, की धावपळ करायची नाही, आहे तिथेच बसायचे आणि उजाडल्यावर पावलांच्या खुणा पाहायच्या. भुतावर आमचा विश्वास नाही. उपाय मात्र उत्तम आहे, आणि या पाठात तो आपल्याला कामास येणार आहे.

२०२३ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या वर्गाच्या संकेतस्थळाला असाच चकवा लागला. संकेतस्थळ म्हणजे इंटरनेटवरची आपली पाने, हे तुम्हाला माहीत आहेच. मुखपृष्ठ उघडत होते, गोष्टींचे ध्वनिमुद्रण ऐकू येत होते, सुट्ट्यांची यादी दिसत होती. फक्त प्रवेशाच्या फॉर्मचे पान उघडत नव्हते. आणि गंमत अशी, की हे शिक्षकांपैकी कोणालाच कळले नाही, कारण आमची मुले आधीपासूनच वर्गात आहेत. आम्ही तो फॉर्म कशाला उघडू?

त्या वर्षी बालगटाची दुसरी तुकडी काढायची होती. जागा देणाऱ्यांनी सांगितले होते की १२ मुले होणार असतील तरच दुसरी खोली मिळेल. दहा दिवस झाले तरी फॉर्म आले तीन, तेही कागदावर लिहून, हातात दिलेले. बैठकीत आम्ही गंभीर चेहरे करून बसलो. कोणी म्हणाले, आजच्या पालकांना मराठीची आवडच राहिली नाही. कोणी म्हणाले, पोहण्याच्या शिकवणीपुढे आपले काय चालणार? खोली सोडून द्यावी असे जवळजवळ ठरले. तेवढ्यात एका पालकांचा फोन आला. “अहो, आठवडाभर फॉर्म भरायचा प्रयत्न करतोय. पान नुसतं फिरतं, मग म्हणतं फार वेळा दुसरीकडे पाठवलं गेलं. तुम्ही प्रवेश बंद केलेत का?”

म्हणजे आवड होती. वाट बंद होती!

निरोप्या आणि खिडकी

आता मूळ विषयाकडे वळू. तुम्ही ब्राउझरमध्ये पत्ता टाकता तेव्हा ब्राउझर एखाद्या निरोप्यासारखा सर्व्हरकडे जातो आणि म्हणतो, “मला अमुक पान द्या.” सर्व्हर तीन प्रकारे वागू शकतो. एक तर पान देतो. किंवा म्हणतो, “ते पान इथे नाही, त्या पत्त्यावर जा.” याला पुनर्निर्देशन म्हणू. किंवा तुम्हाला काहीच न सांगता आतल्या आत दुसऱ्याच कपाटातून कागद काढून देतो. याला पुनर्लेखन म्हणू. या दोन शब्दांत गल्लत करू नका. पुनर्निर्देशनात ब्राउझरला पुन्हा चालत जावे लागते, आणि वरच्या पट्टीतला पत्ता बदललेला दिसतो. पुनर्लेखनात ब्राउझरला पत्ताही लागत नाही की आत काय झाले.

‘त्या पत्त्यावर जा’ हे सांगायला सर्व्हरकडे आकडे आहेत. ३०१ म्हणजे ‘कायमचे हलवले’, ३०२ म्हणजे ‘सध्यापुरते तिकडे जा’. इथल्या पोस्टात आपण घर बदलल्याचा फॉर्म भरतो, त्यातही कायमचा आणि तात्पुरता असे दोन प्रकार असतात, तसेच हे. हे दोन्ही आकडे मे १९९६ मध्ये लिहून निघालेल्या एचटीटीपीच्या पहिल्या आवृत्तीच्या दस्तऐवजात आहेत. जानेवारी १९९७ च्या पुढच्या दस्तऐवजात असेही म्हटले होते, की ब्राउझरने आपणहून पाचपेक्षा जास्त वेळा असे हेलपाटे घालू नयेत. १९९९ च्या आवृत्तीत ही पाचाची मर्यादा काढली गेली. आजचे क्रोम आणि फायरफॉक्स साधारण २० हेलपाट्यांनंतर हात टेकतात आणि तुम्हाला तो वैतागलेला संदेश दाखवतात. (भारतात कधी कचेरीत गेलात आणि तीन नंबरच्या खिडकीने पाच नंबरकडे, पाचने परत तीनकडे धाडले, तर तुम्ही किती वेळात हात टेकाल याचा अंदाज करा. आम्ही चौथ्या फेरीला टेकले होते.)

त्या कचेरीतले दोन्ही कारकून आपापल्या नियमाने बरोबर असतात, ही गोष्ट लक्षात ठेवा. तीन नंबरवाल्याला पाचचा शिक्का हवा, पाचवाल्याला तीनची सही हवी. दोघांनाही तुमच्या आधीच्या फेऱ्या आठवत नाहीत. सर्व्हरचेही तसेच आहे. प्रत्येक मागणी त्याला नवी कोरी. ‘हा मघाशीच येऊन गेला’ हे त्याला कळत नाही, म्हणून तो विसाव्या वेळीही तितक्याच शांतपणे पुढचा पत्ता देतो.

आमचा नियम

आपला सर्व्हर अपाची नावाच्या प्रणालीवर चालतो. तिच्यात पत्ते फिरवण्याचे काम ‘मॉड-रीराइट’ नावाचा भाग करतो. राल्फ एंगलशाल यांनी तो १९९६ मध्ये लिहिला आणि पुढच्या वर्षी अपाचीच्या मंडळींना देऊन टाकला. एवढी वर्षे होऊनही तो जगभर वापरात आहे, आणि एवढी वर्षे होऊनही लोकांना रडवतो आहे. नियम लिहायचे ते ‘डॉट-एचटीॲक्सेस’ या नावाच्या छोट्या फाइलीत. ज्या फोल्डरमध्ये ही फाइल ठेवाल त्या फोल्डरपुरते आणि त्याच्या पोटातल्या फोल्डरांपुरते ते नियम चालतात. खऱ्या फाइलीत हे सारे रोमन लिपीत लिहावे लागते. आपण आपल्या वर्गाच्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत समजून घेऊ.

फॉर्ममध्ये मुलांची नावे, घरचे पत्ते, फोन नंबर असतात. म्हणून त्या एकाच फोल्डरमध्ये आमच्यातल्या एका काकांनी पूर्वी दोन ओळी घातल्या होत्या:

रीराइट-कंड : एचटीटीपीएस बंद असेल तर
रीराइट-रूल : काहीही मागितले तरी तोच पत्ता एचटीटीपीएस लावून दे, ३०१

पहिली ओळ अट, दुसरी ओळ कृती. एचटीटीपीएस म्हणजे ज्या पत्त्याशी कुलपाचे चित्र दिसायचे आणि ज्यावरून मजकूर गुपित भाषेत जातो, तो पत्ता. त्याला आपण कुलूपवाला पत्ता म्हणू आणि दुसऱ्याला उघडा पत्ता. तेव्हा नियमाचा अर्थ असा: जो उघड्या पत्त्याने येईल त्याला कुलूपवाल्या पत्त्यावर पाठव. यात चूक काहीच नाही. दोन वर्षे तो बिनबोभाट चालला.

पावलांच्या खुणा

फोन आला त्या रात्री आम्ही तिघे वेगवेगळ्या घरी बसून एकदमच दुरुस्तीला लागलो. एकाने नियम बदलला, दुसऱ्याने तो पूर्ववत केला, तिसऱ्याने नवा घातला. कोणत्या बदलाने काय झाले हे कोणालाच सांगता येईना. रात्री एक वाजता बालगटाच्या बाईंनी फोनवर खडसावले, “आधी सगळे हात काढा पाहू! तो निरोप्या कुठून कुठे जातो ते कोणी लिहून काढलंय का?” कोणीच काढले नव्हते.

लिहून काढण्याचे साधन सोपे आहे. ‘कर्ल’ नावाची आज्ञा बहुतेक संगणकांत आधीपासून असते. तिच्यापुढे आडवी रेघ आणि मोठा आय लिहून पत्ता दिला, की ती एकच हेलपाटा घालते आणि सर्व्हर काय म्हणाला तेवढेच सांगते; पुढच्या पत्त्यावर आपणहून जात नाही. ब्राउझर मदतीला घेतला तर तो वीस उड्या मारून शेवटचे रडगाणे तेवढे ऐकवतो. त्यातही ‘नेटवर्क’ नावाचा कप्पा उघडून, जुन्या नोंदी पुसू नको असे सांगून, सगळ्या उड्या पाहता येतात. पण सुरुवात कर्लने करावी, कारण कर्लला मागचे काही आठवत नसते. ब्राउझरला आठवते, आणि तेच पुढे आम्हाला नडले.

आम्ही उघडा पत्ता विचारला. उत्तर आले: ३०१, कुलूपवाल्या पत्त्यावर जा. ठीक. मग कुलूपवाला पत्ता विचारला. उत्तर आले: ३०१, कुलूपवाल्या पत्त्यावर जा.

पुन्हा वाचा. निरोप्या ज्या दारात उभा आहे त्याच दाराचा पत्ता त्याला दिला जातो आहे! दोन दारांचा खेळ असता तर दोन नियमांचे भांडण म्हटले असते. तसला चकवाही नेहमी भेटतो. एक नियम पत्त्याच्या आधी ‘डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू’ लावतो, दुसऱ्या ठिकाणचा नियम ते काढतो, आणि निरोप्या दोघांत चेंडूसारखा टोलवला जातो. इथे मात्र एकच दार होते. म्हणजे आपला नियम समोर आलेल्या कुलूपवाल्या मागणीला उघडी समजत होता. का?

मधला दारवान

जुलैमध्ये दुसऱ्या एका पालकांनी संकेतस्थळाच्या पुढे एक मध्यस्थ बसवला होता. अशा सेवा पुष्कळ आहेत. जगभर त्यांचे संगणक असतात, ते आपल्या पानांच्या प्रती जवळ ठेवतात, आणि भारतातल्या आजी-आजोबांना ध्वनिमुद्रण भराभर ऐकू येते. हेतू उत्तमच होता. पण आता ब्राउझर आपल्या सर्व्हरशी बोलतच नव्हता. तो या दारवानाशी बोलत होता, आणि दारवान आत येऊन सर्व्हरशी बोलत होता.

ब्राउझर ते दारवान, हा अर्धा रस्ता कुलूपवाला. दारवान ते आपला सर्व्हर, हा उरलेला अर्धा रस्ता मांडणीतल्या एका खुणेमुळे उघडा राहिला होता. त्यामुळे कोणीही कसाही आला तरी सर्व्हरला दिसे ते एकच: उघड्या रस्त्याने आलेला दारवान. नियम म्हणे, “उघडा आलास? कुलूपवाल्या पत्त्यावर जा.” दारवान तो निरोप ब्राउझरला देई. ब्राउझर तर कुलूपवाल्या पत्त्यावरच होता! तो पुन्हा येई, दारवान पुन्हा उघड्या रस्त्याने आत जाई, आणि पुढे तेच.

हा नुसता तर्क नव्हता. ज्या फोल्डरात नियम नाही तिथे आम्ही चार ओळींचे एक चाचणीचे पान ठेवले. सर्व्हरला काय दिसते आहे एवढेच ते छापून दाखवी. आम्ही ते कुलूपवाल्या पत्त्याने उघडले. पानावर आले: एचटीटीपीएस बंद, दरवाजा क्रमांक ८०. (कुलूपवाल्या रहदारीचा दरवाजा ४४३ असतो.) आणि त्याखाली दारवानाने लावलेली एक चिठ्ठी: ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’, म्हणजे ‘मूळ पाहुणा कसा आला होता’, तर एचटीटीपीएसने. पाहून झाल्यावर ते पान लगेच काढून टाकले. सर्व्हरच्या आतल्या गोष्टी सांगणारे पान चव्हाट्यावर ठेवू नये.

आता उपाय. सर्वांत सोपा उपाय आम्ही त्याच रात्री केला: त्या दोन ओळी पुसून टाकल्या. पान उघडले! कुलपाचे चित्रही दिसले. आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले आणि झोपलो.

सकाळी चहा घेताना बाईंचा पुन्हा फोन. “रात्रभर मनात येतंय. नियम म्हणत होता की मागणी उघड्या रस्त्याने येतेय. ते खोटं होतं का?”

खोटे नव्हते. तो नियम खरेच सांगत होता! मुलांची नावे आणि फोन नंबर दारवानापासून आपल्या सर्व्हरपर्यंत उघड्यावरून जाणार होते, आणि पालकांना मात्र कुलूप दिसणार होते, कारण ते कुलूप फक्त दारवानापर्यंतचे. चकव्याने निदान फॉर्म भरू दिले नव्हते. आमच्या दुरुस्तीने ते भरू दिले असते, तेही उघड्यावरून. ज्या एकट्या साक्षीदाराने ओरडून सांगितले त्यालाच आम्ही घराबाहेर काढले होते. रात्रीत कोणी फॉर्म भरला नव्हता, हे नशीब. आम्ही पान ताबडतोब बंद केले आणि मुखपृष्ठावर लिहिले, ‘फॉर्म दोन दिवसांनी’.

खरा उपाय दोन पायऱ्यांचा होता. भाड्याच्या सर्व्हरवर प्रमाणपत्र आधीपासून होतेच; ते चालू आहे याची खात्री करून घेतली. मग दारवानाच्या मांडणीत सांगितले, की आतल्या रस्त्यानेही कुलूप लावूनच जायचे आणि सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासूनच आत शिरायचे. त्यानंतर त्या दोन ओळी जशाच्या तशा परत घातल्या. चकवा नाही! नियमात एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही.

पुष्कळ ठिकाणी तुम्हाला दुसरा उपाय सांगतील: अटीत बदल करा आणि सर्व्हरने दारवानाची चिठ्ठी वाचावी असे लिहा. आतला रस्ता एकाच इमारतीतला, आपल्याच ताब्यातला असेल तर तो उपाय योग्य आहे. पण चिठ्ठी कोणीही लिहू शकतो. दारवानाला टाळून थेट सर्व्हरकडे येणाऱ्यानेही तीच चिठ्ठी लावली तर सर्व्हर फसेल. म्हणून चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा तर आधी दारवानाखेरीज कोणालाही आत घेऊ नये.

कोरा फॉर्म आणि विसरभोळे नसलेले फोन

पान उघडले. आम्ही स्वतः एक खोटा फॉर्म भरून पाहिला. बटण दाबले आणि फॉर्म कोरा होऊन परत आला! चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. वीस चौकोन भरलेल्या आईबापांना काय वाटले असते ते वेगळे सांगायला नको.

कर्लने पाहिल्यावर उलगडा झाला. फॉर्म भरल्यावर जिथे पाठवायचा तो पत्ता आत डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू न लावता लिहिलेला होता, आणि आपला सर्व्हर तसा पत्ता आला की ३०१ म्हणून डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यूकडे पाठवतो. ब्राउझर फॉर्मचा मजकूर घेऊन जातो ती ‘पोस्ट’ पद्धत. ३०१ किंवा ३०२ ऐकल्यावर ब्राउझर दुसऱ्या पत्त्यावर जातात ते बहुधा साध्या ‘गेट’ पद्धतीने, म्हणजे हात रिकामे! पुडके पहिल्याच दारात राहते. मजकूर हातात ठेवून जायला सांगणारे आकडे निराळे आहेत, ३०७ आणि ३०८. आम्ही तसले काही केले नाही. फॉर्ममधला पत्ता नीट लिहिला. निरोप्याला आधीच बरोबर पत्ता दिला तर त्याला वळवण्याची गरजच काय?

तरीही दुसऱ्या दिवशी दोन पालकांचे फोन आले, की पान फिरतेच आहे. आमच्याकडे उघडत होते, कर्लला उघडत होते. इथे ३०१ मधला ‘कायमचे’ हा शब्द आठवा. ब्राउझरने तो खरा मानला होता! ज्यांनी चकव्याच्या दिवसांत पान उघडायचा प्रयत्न केला होता त्यांच्या फोनने ‘हा पत्ता कायमचा तिकडे गेला’ अशी नोंद करून ठेवली होती, आणि आता तो सर्व्हरला विचारायलाही येत नव्हता. एका आजोबांना फोनवरून साठवण पुसायला सांगितली. वीस मिनिटे लागली, आणि त्यात त्यांची बँकेची नोंदही पुसली गेली. त्यांनी आम्हाला काही बोलले नाही, पण आम्हाला वाईट वाटले. मग आम्हाला सुचले: फॉर्मच्या पानाचे नावच बदलू. नव्या नावाची जुनी आठवण कोणत्याच फोनला नसणार.

तेव्हापासून वर्गाचा रिवाज ठरला. नवा नियम आधी ३०२ ने घालायचा, आठवडाभर पाहायचा आणि मगच ३०१ करायचा. तपासताना ब्राउझरची खाजगी खिडकी उघडायची.

नाव मराठीच हवे!

नव्या पानाला नाव काय द्यावे असे विचारल्यावर मधल्या गटातली एक मुलगी म्हणाली, “मराठीच्या वर्गाचं पान, मग नाव मराठीत का नाही?” बरोबर होते. पत्त्याच्या शेवटी ‘प्रवेश’ असे देवनागरीत लिहायचे ठरले.

मराठी पत्ता चालतो, पण तारेवरून जाताना तो टक्क्यांच्या चिन्हांत मोडून जातो. देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइटांची, आणि प्रत्येक बाइट लिहायला टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे, म्हणजे तीन जागा. ‘प्रवेश’मध्ये खुणा किती? प, हलन्त, र, व, मात्रा, श, अशा सहा. सहा गुणिले नऊ, चोपन्न! एवढा लांब पत्ता संदेशात चिकटवला की कोणालाही वाटावे काहीतरी बिघडले.

आणि बिघडलेही. सगळ्यांना नव्या नावावर आणण्यासाठी काकांनी नियम लिहिला: मूळ मागणीच्या ओळीत ‘प्रवेश’ हा शब्द नसेल तर ‘प्रवेश’कडे पाठव. पुन्हा चकवा! कारण अपाची नियमाचा नमुना ताडून पाहतो तो उकललेल्या पत्त्याशी, पण मागणीची मूळ ओळ ठेवतो तशीच, टक्क्यांच्या चिन्हांसकट. त्या ओळीत ‘प्रवेश’ हा शब्द देवनागरीत कधी सापडणारच नव्हता. अट दर वेळी खरी ठरे आणि नियम दर वेळी हलवे. ती अट काढून नमुन्यातच जुने नाव लिहिले, आणि प्रश्न मिटला. ‘हे नसेल तर तिकडे पाठव’ असा नियम लिहिताना ‘तिकडे’ पोचल्यावर ‘हे’ खरोखर जुळते का, हे आधी पाहावे.

व्याकरणाच्या तासाला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक शिकलात ना? तो ‘दऱ्या’मधला अर्धा र टंकण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. डोळ्याला शब्द सारखाच दिसतो, पण आतल्या खुणा निराळ्या असतात आणि सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावे ठरतात. तेव्हा पत्त्यासाठी असा शब्द शक्यतो घेऊ नये.

आतल्या आत फिरणारा चकवा

हा थोडक्यात सांगतो, कारण आपल्याला तो फार छळला नाही. पुनर्लेखनातही चकवा लागतो. समजा नियम आहे: जे काही मागतील ते ‘कपाट’ नावाच्या फोल्डरातून दे. ‘गोष्ट’ मागितली, झाले ‘कपाट/गोष्ट’. पण डॉट-एचटीॲक्सेसमधले नियम पत्ता बदलल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासले जातात. ‘कपाट/गोष्ट’ हेही ‘जे काही’मध्ये येतेच! मग ‘कपाट/कपाट/गोष्ट’, आणि असेच पुढे. अपाची अशा दहा आतल्या फेऱ्यांनंतर थांबतो आणि ५०० हा आकडा देतो. ब्राउझर इथे काही फिरत नाही. चुकांच्या नोंदवहीत मात्र दहाची मर्यादा ओलांडल्याचे स्पष्ट लिहिलेले सापडते. नियमाच्या शेवटी ‘एल’ म्हणजे ‘शेवटचा’ असे लिहिले की काम थांबेल असे पुष्कळांना वाटते. तो एल फक्त चालू फेरी थांबवतो. अपाची २.४ पासून ‘एंड’ हा शब्द मिळाला आहे, त्याने पुढच्या फेऱ्याही थांबतात. किंवा सरळ अट घालावी: ‘कपाट’ने सुरू होत असेल तर हात लावू नको.

तर अशी ती कथा. ‘फॉर्म दोन दिवसांनी’ असे लिहिले होते, प्रत्यक्षात पाच दिवस लागले. नवा पत्ता संदेशाने सर्वांना कळवला, आणि जागा देणाऱ्यांकडे आठवडाभराची मुदत मागितली, ती त्यांनी दिली. शेवटी बालगटाला १४ मुले झाली. फोन करणाऱ्या त्या पालकांचा मुलगा त्यांतलाच, आता ‘ळ’ उत्तम म्हणतो. बैठकीच्या इतिवृत्तात ‘पालकांना आवड राहिलेली नाही’ असे जे वाक्य लिहिले गेले होते ते आम्ही खोडले नाही. त्याच्यापुढे कंसात तारीख घालून ‘चुकीचा निष्कर्ष’ असे लिहून ठेवले आहे.

स्वाध्याय

१. घरच्या संगणकावर मोठ्यांना विचारून कर्लची आज्ञा चालवा आणि आपल्या संकेतस्थळाचा उघडा पत्ता विचारा. किती हेलपाट्यांत पान मिळाले? प्रत्येक हेलपाट्याचा आकडा व पुढचा पत्ता वहीत एकाखाली एक लिहा.

२. एक नियम म्हणतो, ‘पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ नसेल तर लाव.’ दुसरा म्हणतो, ‘असेल तर काढ.’ निरोप्याच्या पहिल्या चार फेऱ्या लिहा. कोणता नियम ठेवाल आणि का?

३. ‘सुट्ट्या’ या शब्दात खुणा किती आणि तारेवरून जाताना तो किती जागा घेईल? (हलन्त मोजायला विसरू नका.)

४. ‘हेलपाटे घालणे’, ‘हात टेकणे’ आणि ‘बिनबोभाट’ यांचा वाक्यात उपयोग करा. वाक्ये संगणकाबद्दलच हवीत असे नाही.

उत्तरे पुढच्या रविवारी बाईंकडे द्यावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजी-आजोबांना विचारायला हरकत नाही, पण मोजणी तुमची तुम्ही करा.